सहा हजार हर्ट्झच्या पुढे

पुढच्या बाकावरच्या तिन्ही शाळकरी मुलींनी एकाच वेळी कानांवर हात ठेवले. मधलीनं तर डोळेही घट्ट मिटून घेतले. मिनीबस टॅक्सी डर्बनजवळच्या क्वामाशूचा चढ चढत होती, दुपारचे साडेतीन वाजले होते, खिडक्या उघड्या होत्या आणि ड्रायव्हर गुमेडेच्या स्पीकरांतून माझा ट्रॅक वाजत होता. सकाळीच मी त्याला तो पेनड्राइव्हवर दिला होता. आमच्याकडे ती रीतच आहे. रेडिओ नंतर, लग्नं-पार्ट्या नंतर, आधी टॅक्सी. उतरता उतरता कुणी विचारलं, "हे कुणाचं रे?" तर ट्रॅक पास. कुणीच काही विचारलं नाही, तर घरी नेऊन पुन्हा उसवायचा. म्हणून मी मागच्या बाकावर कोपऱ्यात, ओळख न दाखवता बसले होते आणि माणसांच्या माना बघत होते. माना हलत होत्या. मग ती जागा आली, जिच्यासाठी मी तीन महिने घालवले होते. वरचा सूर हळूहळू चढत जातो, बारीक होत जातो, इतका बारीक की शेवटी नाहीसाच होतो. खाली नुसता ढोल उरतो, माणूस निघून गेल्यावर घर उरतं तसा. नेमके तेव्हाच मुलींचे हात वर गेले.

"काका, बंद करा ना ते!" मधली ओरडली.

"काय बंद करू?" गुमेडेनं आरशातून पाहिलं.

"ती शिट्टी!"

"माझ्या गाडीत शिट्टी फक्त वाहतूक पोलीस मारतो, पोरी. आणि तोही बाहेरून."

लोक हसले. बाळाला मांडीवर घेतलेली एक बाई म्हणाली, "नाही, खरंच आहे. दातांत शिरतेय."

"ब्रेक असतील, बाई."

"चढावर ब्रेक कशाला लावतोयस तू?"

पुन्हा हशा. मी कान दिला. ढोल होता, इंजिन होतं, खिडकीतून वारा येत होता. शिट्टी नव्हती. मी श्वास रोखून ऐकलं, तरी नव्हती. मग माझा सूर वरून परत आला, आधी धाग्याएवढा, मग दोरीएवढा. आणि मुलींनी हात खाली घेतले. "गेली," मधली म्हणाली. माझ्या दृष्टीनं जो आला होता, तो तिच्या दृष्टीनं गेला होता.

मी माझ्या थांब्याच्या आधीच उतरले. गुमेडे मला सिसी म्हणतो, म्हणजे ताई. तो खिडकीतून म्हणाला, "काय सिसी खेथी, घर तर पुढे आहे. ट्रॅक नापास झाला म्हणून पायी जायची शिक्षा की काय?" मी म्हटलं, थोडं चालते. "चाल चाल. पण ढोल झकास आहे हं. पोटात बसतो. वरचं मला काही कळलं नाही." गुमेडे साठीचा आहे आणि तीस वर्षं त्या स्पीकरांना पाठ टेकून गाडी चालवतो आहे. त्याला वरचं कळलं नाही, यात काही नवल नव्हतं. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. मी बारा वर्षं डोक्याला हेडफोन बांधून बसते आहे. आणि दिवसा मी कान तपासते; एका फिरत्या व्हॅनमधून कारखान्याकारखान्यांत जाते आणि कामगारांना काचेच्या खोलीत बसवून सांगते, "आवाज आला की बटण दाबा." मला काय झालं आहे, हे कळायला त्या चढावर अर्धं मिनिटही लागलं नाही. कळल्यावर जे वाटायला हवं होतं ते मात्र काही वाटेना. अमाग्विन्या, म्हणजे मैद्याचे गोळे, तळणाऱ्या बाईच्या टोपलीजवळ मी उभी राहिले आणि तेलाची चुरचुर ऐकायचा प्रयत्न केला. तेल उकळताना दिसत होतं.

संगीत रचायच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सोळा घरांची एक ओळ असते. ज्या घरात खूण करावी, तिथे आवाज पडतो. ओळ संपली की पुन्हा पहिल्या घरापासून. सगळे सोळा घरं वापरतात, कारण सोळात पाय नीट बसतो. मी एक ओळ सोळांची ठेवते आणि दुसरी तेरांची. दोन्ही एकदम निघतात आणि लगेच एकमेकींपासून सरकू लागतात; दोनशे आठ घरांनंतर क्षणभर भेटतात आणि पुन्हा सुटतात. त्यावर एक अतिशय मंद लहर लावते. ती स्वतः ऐकू येत नाही, ती फक्त दुसऱ्या आवाजाचं एखादं बटण पिळत राहते, अदृश्य हातानं पिळावं तसं. संगीत मला कुणी शिकवलं नाही, लहरी शिकवल्या. विद्यापीठात तीन वर्षं मी दोरी, पाणी, हवा यांच्याच लहरी मोजल्या. या ट्रॅकमधली लहर एका फिल्टरला वर वर ढकलत होती. तिचा माथा कुठे असावा ते मी कानानं ठरवलं. सूर नाहीसा झाला की आणखी थोडं वर, म्हणजे तो पुरेसा वेळ नाहीसा राहील. पडद्यावर आकडा होता, साडेदहा हजार हर्ट्झ. तो मी वाचलाही होता. पण कान म्हणत होता की तिथे काही नाही, आणि आकड्यापेक्षा कानावर विश्वास ठेवायचा हे मी स्वतःला मोठ्या कष्टानं शिकवलं होतं. प्रयोगशाळेतली सवय मोडायला मला वर्षं लागली होती. फिल्टर त्या उंचीवर शिट्टी घालतो, हे मला विशीत असतानाही सांगता आलं असतं.

चालता चालता आई आठवत राहिली. ती मोबेनीच्या कापड गिरणीत एकवीस वर्षं मागावर होती. पन्नाशीला ती घरात ओरडूनच बोलायची आणि आमचं बोलणं आमच्या तोंडावर वाचायची. स्वयंपाक करताना आम्ही पाठ फिरवून बोललो की चमचा टेबलावर आपटायची: "तोंड इकडे करा, भिंतीशी काय बोलता!" रविवारी प्रार्थनेत ती शेजारणीच्या ओठांकडे बघून गायची, त्यामुळे सगळ्यांच्या किंचित मागे असायची. तिचा प्रत्येक शब्द बाकीच्यांचा शब्द संपता संपता पडायचा. मी तिच्या शेजारी उभी असायचे, लाजेनं मान खाली घालून. पुढे मी टाळीचा आवाज ओळीत बसवायला लागले तेव्हा तो मी नेहमी त्याच्या घराच्या जरा मागे ठेवायचे. लोक म्हणायचे, ही खेथिवेची टाळी, अंधारातही ओळखू येते. मी ते कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. आईला कान गेल्याच्या भरपाईचे पैसे गिरणीनं दिले नाहीत, कारण तपासणीला आलेल्या माणसासमोर ती घाबरली आणि मधूनमधून उगाच बटण दाबत राहिली. नोकरी जाईल असं तिला वाटलं होतं.

घरी पोचेपर्यंत एक वेगळाच विचार डोक्यात घुसला होता, आणि तो कानांच्या विचारापेक्षा वाईट होता. हे आजच का झालं? कान काही तीन महिन्यांत जात नाहीत. मग गेल्या दोन-तीन वर्षांतल्या ट्रॅकांना टॅक्सीत कुणी कान का झाकले नाहीत? आजच्या ट्रॅकमध्ये वेगळी गोष्ट एकच होती: तो वुमानीच्या हाताखालून गेला नव्हता. वुमानी आणि मी बारा वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये एकत्र काम करतो. आम्हा दोघांचं मिळून एकच नाव आहे आणि डर्बनमध्ये ते लोकांना माहीत आहे. एप्रिलमध्ये मी त्याला म्हणाले होते, एक तरी ट्रॅक मला फक्त माझ्या नावानं काढायचा आहे. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत माझा. तो "बरं" म्हणाला, पण "बरं" यायला जरा जास्तच वेळ लागला. मला वाटलं, दुखावला. गेले दहा दिवस तो आईच्या दफनासाठी गावी, न्कुथूला गेला होता.

बाहेर अजून उजेड होता. मी लॅपटॉप उघडला आणि जुन्या ट्रॅकांच्या माझ्या प्रती आणि शेवटी बाहेर गेलेल्या प्रती शेजारी शेजारी लावल्या. ऐकून उपयोग नव्हता, म्हणून चित्रं काढली. आवाजाचं चित्र निघतं, खाली जाडे सूर, वर बारीक. माझ्या प्रतींमध्ये वरच्या पट्ट्यात पांढऱ्या सुया उभ्या होत्या. बाहेर गेलेल्या प्रतींमध्ये तिथे हलक्या हातानं पुसल्यासारखं होतं. ट्रॅकामागून ट्रॅक. पहिलं पुसणं दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं. "जरा पातळी बघून घेतो गं," असं म्हणून वुमानी फाइल मागायचा. एका ट्रॅकात मात्र उलटं होतं: माझ्या प्रतीत वर काहीच नव्हतं आणि बाहेर गेलेल्या प्रतीत तिथे बारीक राखाडी रेती पसरली होती, आदीपासून अंतापर्यंत. मी त्या चित्राकडे खूप वेळ बघत बसले. तो आमचा सगळ्यात गाजलेला ट्रॅक. रेडिओवरच्या बाईनं मला विचारलं होतं, "वरती ती वाळू सांडल्यासारखी सळसळ आहे ना, ती कशी केलीस?" आणि मी पाच मिनिटं समजावून सांगितलं होतं, लहरी, योगायोग, दर घराची शक्यता. मी भलत्याच आवाजाबद्दल बोलत होते, हे त्या खोलीत फक्त वुमानीला कळलं असणार. तो माझ्या शेजारी बसून पाणी पीत होता.

दुसऱ्या दिवशी व्हॅन प्रॉस्पेक्टनच्या एका रंगाच्या कारखान्यात होती. दुपारच्या सुट्टीत कामगार जेवायला गेले तेव्हा मी लोशनीला म्हटलं, माझी तपासणी कर. लोशनी माझ्याबरोबर सहा वर्षं आहे, सगळं काम तिला मीच शिकवलं.

"आज उलटी गंगा?" ती सामोसा खाता खाता म्हणाली. "बसा आंटी, बसा. मोबाइल बाहेर, कानातलं काढा, हसायचं नाही. तुमचंच भाषण तुम्हाला."

काचेचं दार लागलं की आत कापसासारखी शांतता होते. तिथे मी हजारो माणसं बसवली होती, स्वतः कधी बसले नव्हते. हजार हर्ट्झचा सूर आला, दोन हजारचा आला. चार हजारचा आला तो शेजारच्या घरातून आल्यासारखा. सहा हजाराला मी वाट पाहिली. पाहत राहिले. आठ हजाराला काहीच नव्हतं, आणि तरी माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं.

"सगळीकडे वीस डेसिबल!" लोशनीनं दार उघडून कागद नाचवला. "आंटी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले. मला वाटलं, त्या धडधडीनं कधीच गेले असतील."

कागदावरची रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती. खोटी होती. कामगार ऐकत नाहीत, मोजतात, हे मीच तिला शिकवलं होतं: आवाज ठरावीक अंतरानं दिलास तर बहिराही अचूक बटण दाबेल, म्हणून अंतरं विषम ठेव. तिनं ठेवली होती. दोन, पाच, तीन, सात, दोन. ती माझीच विषम अंतरं होती, सहा वर्षं माझ्या शेजारी उभं राहून उचललेली. आणि माझ्या अंगठ्याला ती पाठ होती. सॉफ्टवेअरमधल्या योगायोगाचंही असंच असतं. एकाच आकड्यापासून सुरुवात केली की दर वेळी तोच योगायोग निघतो. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की माणसाचा हात त्याहून मोकळा असतो. मी मुद्दाम फसवलं नव्हतं. त्या काचेत बसल्यावर पास व्हावंसं वाटतं, एवढंच. आईबद्दल मी चाळीस वर्षं मनात एक राग धरून होते, तो तिथे त्या स्टुलावर बसल्या बसल्या सुटला. सुटला म्हणून बरं वाटलं असंही नाही.

"पुन्हा घे," मी म्हटलं. "आणि माझ्यासारखी थांबू नकोस."

"मग कशी थांबू?"

"तुझ्या मुलाच्या शाळेचा फोन नंबर आठव. त्यातले आकडे मोजत थांब."

"तो तोंडपाठच आहे. रोज तक्रार येते मेल्याची."

या वेळी रेघ चार हजारापाशी वाकली आणि तिथून खाली पडली, जिन्यावरून सुटलेल्या बादलीसारखी. सहा हजाराला सत्तर डेसिबलशिवाय मला ऐकूच येत नव्हतं. आठ हजाराला यंत्रानं चौकट रिकामी सोडली होती. लोशनी कागद धरून उभी राहिली. "यंत्राचं काहीतरी..." ती म्हणाली. मी म्हटलं, "यंत्र सोमवारीच तपासलंय." बाहेर कुणीतरी व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारली. "मॅडम, तपासणी चालू आहे की प्रार्थना? आमची सुट्टी संपली!" मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. संध्याकाळपर्यंत तेवीस जणांची तपासणी झाली. सगळ्यांना मी तेच सांगितलं, शांत बसा, आवाज आला की दाबा. माझा आवाज मला फार दमलेला वाटला, पण तो नेहमीच तसा असेल.

शनिवारी सकाळी वुमानी परत आला. मी गॅरेजवर गेले तेव्हा तो दार उघडून उंबऱ्यावर बसला होता. डोकं भादरलेलं होतं, बाहीवर काळ्या कापडाचा तुकडा. मी त्याच्या शेजारी बसले. आम्ही थोडा वेळ त्याच्या आईबद्दल बोललो, किती माणसं आली, पाऊस कसा थांबला. मग त्यानंच विचारलं, "टॅक्सीत काय झालं? गुमेडेचा फोन आला होता."

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

त्यानं 'काय' असं विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं. भादरलेल्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला. "दोन वर्षं. तू मला हेडफोन दिलेस, म्हणालीस, बघ किती मऊ झालंय. तू हसत होतीस. आणि माझ्या कानात सुई गेली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू अख्ख्या डर्बनचे कान तपासतेस. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. ठाऊक असून गप्प असशील."

"आणि ती वाळू?"

"ती..." तो जमिनीकडे बघत म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, वर बघून बोल. त्यानं वर पाहिलं. "ती चुकून झाली. वर फार रिकामं वाटत होतं. मला वाटलं, तू ऐकशील आणि शिव्या देशील. तू काहीच बोलली नाहीस. मग लोकांना आवडली. मग मी कसा सांगणार?"

"रेडिओवर मी पाच मिनिटं बोलत होते, वुमानी."

"सुरेख बोललीस," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. पण ते फार वेळ टिकलं नाही. नंतर तो म्हणाला, "खरं सांगू? मला भीती वाटली. तुला कळलं असतं तर तू थांबली असतीस. तू थांबलीस तर मी काय करणार? मला ढोल लावता येत नाही. माझा ढोल म्हणजे दारावर पोस्टमन."

मला रागवायचं होतं. रागासाठी जे बळ लागतं ते अंगात सापडेना. मी लॅपटॉप उघडला, पर्समधला कागद काढून कीबोर्डशेजारी ठेवला आणि ट्रॅकवर एक शेवटचा फिल्टर चढवला. कागदावरची रेघ बघत बघत मी पडद्यावर तशीच रेघ ओढली, ठिपक्याला ठिपका: चार हजारापाशी वाकलेली, सहा हजाराला खोल, पुढे शून्य. वुमानी मागे उभा राहून बघत होता.

"हे काय? स्पीकरवर घोंगडी टाकलीस?"

"बस आणि ऐक."

तो बसला. ढोल सुरू झाला. तेरांची ओळ सोळांपासून सुटली. गॅरेजच्या दारातून ऊन आत येत होतं, आणि मला पहिल्यांदाच पक्कं माहीत होतं की या खोलीत आम्ही दोघं एकच गोष्ट ऐकतो आहोत. वरचा सूर चढायला लागला. बारीक झाला. वुमानीची मान त्याच्यामागे जरा वर गेली, आणखी वर, आणि मग तिथेच थांबली. सूर नव्हता. तो पत्र्याच्या छताकडे बघत राहिला. खाली ढोल चालला होता. कितीतरी वेळानं सूर परत आला, तेव्हा वुमानीनं बाहीनं तोंड पुसलं, काळ्या तुकड्याच्या बाजूनं.

"एवढंच ऐकू येतं तुला?"

"एवढंच."

"आणि माझं बोलणं?"

"येतं. 'स' आणि 'श' गळतात. ते तुझ्या ओठांवरून घेते."

त्यानं स्पीकरावरून हात फिरवला. मग म्हणाला, "लोक म्हणतील, गाडीचे स्पीकर फाटले."

"म्हणू देत."

"वर थोडीशी वाळू टाकू? अगदी थोडी. कुणाला कळणार नाही."

"मला कळणार नाही," मी म्हटलं. "म्हणूनच नको."

त्यानं मान हलवली. "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी ही रेघ आणखी अलीकडे येईल."

"मग तेव्हाचा कागद मला दाखवशील? आधी मला?"

मी हो म्हटलं. मी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "नाव एकटीचंच?"

"एकटीचंच."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

तो एका बोटानं टाइप करतो, नेहमीच. मी त्याच्या खांद्यावरून बघत उभी राहिले. कळा खाली जात होत्या, वर येत होत्या, आणि पडद्यावर माझं नाव एकेक अक्षरानं, काहीही आवाज न करता, उमटत होतं.